भट्टीशेजारची गोधडी

खोपोली, ता. ९ डिसेंबर १९४३

ती. बायजाअक्कास,
कोंडाजीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे बरे, तिकडील खुशाली कळवावी.

लढाईपायी पेट्रोल मिळत नाही, म्हणून शेठनी लॉरीला कोळशाची भट्टी बसवली आहे. त्या धुरावरच इंजिन चालतं. भट्टी माझ्या पाठीशी, तरी मी गारठतो, कारण लॉरीला दारं नाहीत. पेणचं मीठ घेऊन पहाटे बोरघाट चढताना बोटं वळत नाहीत. दारं बसवा म्हटलं, तर शेठनी विचारलं, मजुरी हवी की दारं? मजुरी फेरीवर. घाटात गाडी अडली की तो दिवस फुकट. सोडून जावं तर माझं लायसन शेठच्या पेटीत, बोली शिमग्यापर्यंतची, तोवर ते मिळत नाही.

तुझ्या भावजयीला, जयवंताला, यातलं सांगू नकोस, तिला सातवा महिना आहे. तुझ्या भाकऱ्या खाऊन ती माझ्या दुप्पट झाली असेल. लोभ आहेच, तो शिमग्यापर्यंत पुरवावा.

कोंडाजी

कडाव, ता. १४ डिसेंबर

चि. कोंडाजीस,
बायजाचे अनेक आशीर्वाद. पत्र अप्पा मास्तरांनी लिहून दिलं आहे, म्हणून शेठला शिव्या कमी आहेत.

आपल्या आळीतला पोशा खोपोलीला येतोय, त्याच्यासोबत आईच्या लुगड्यांची गोधडी पाठवते. मधोमध कापून दोन केल्या, नाड्या लावल्या. दोन्ही दारांच्या जागी घट्ट बांध. बोटभर फट ठेवू नकोस. जयवंतानंही चार टाके घातलेत. जिवाला जप, तुझ्यावाचून आम्हाला कोण?

बायजा

खोपोली, ता. २३ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

गोधडीनं वारा साफ बंद झाला. आत आईजवळ निजल्यासारखं वाटतं. पण डोकं फार दुखतं. चहाही पोटात ठरत नाही. काल घाटात घटकाभर मी कुठे चाललोय तेच आठवेना. शेठ म्हणाले, घरी बस, दुसरा आणतो. म्हणून बसलो नाही. उत्तर लवकर द्यावं.

कोंडाजी

कडाव, ता. २७ डिसेंबर

चि. कोंडाजीस आशीर्वाद.

सर्दी डोक्यात शिरली आहे, दुसरं काही नाही. सुंठ पाठवते. गोधडीच्या खालून वारा येत असेल, तिथे गोणपाट कोंब.

बायजा

खोपोली, दवाखाना, ता. ५ जानेवारी १९४४

ती. अक्कास नमस्कार.

अक्षर वाकडं आहे, पडून लिहितोय. परवा घाटात शुद्ध गेली. चढ होता म्हणून गाडी कड्याला टेकून थांबली. म्हातारा गजा ड्रायव्हर येऊन रागावला. म्हणाला, भट्टीची विषारी हवा आत झिरपते, ती दिसत नाही, तिला वास नाही. वारा होता म्हणून तू जगलास, तो तुम्ही बंद केलात. सर्दी नव्हती ती, अक्का. तुझा दोष नाही, मीच ड्रायव्हर असून मला कळलं नाही.

शेठनी त्याच दिवशी चौक गावचा नागू गाडीवर बसवला. गोधड्या तशाच आहेत. मला उठवत नाही. गजा पुण्याला गेला. त्या काढून आण.

कोंडाजी

कडाव, ता. ९ जानेवारी

चि. कोंडाजीस,
आशीर्वाद द्यायला मन धजत नाही. मास्तरांना म्हटलं, तरी लिहा.

काल तुला भेटले तेव्हा तू गुंगीत होतास, म्हणून लिहिते. आधी लॉरीच्या अड्ड्यावर गेले होते. नागू डोकं धरूनच बसला होता. त्याला सगळं सांगितलं, पाया पडले. त्यानं नाड्या सोडल्या, गोधड्या माझ्या हातात दिल्या. मग म्हणाला, अक्का, घरात तीन पोरं हायत, आता गारठ्यानं मेलो तरी जायाचं हाय. अन् मीठ घेऊन उघड्या गाडीतून निघून गेला. माझ्या हातात दोन गोधड्या, आणि त्याला एक पांघरायला द्यावी तर गारठ्यात तो ती पुन्हा दारालाच बांधील.

घरी आणून तीनदा धुतल्या. जयवंता म्हणते, बाळाला होतील. मी माळ्यावर टाकल्या.

शेठनी निरोप दिलाय, बरा झालास तर दुसरी लॉरी आहे, तिलाही दारं नाहीत. लायसन अजून त्यांच्याच पेटीत. जाऊ नकोस असं लिहा, म्हणून मास्तरांना सांगायला तोंड उघडलं, पण मग खायचं काय ते सांगता येईना. तेवढी ओळ कोरी सोडायला सांगितली आहे.

तुझी अक्का, बायजा