काळ्या झग्याचा आठवा हिवाळा

३ नोव्हेंबर
पान बंद होणार! चिरंजीवांनी सकाळी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. (मालकांचे सुपुत्र, वय एकोणतीस, तीन महिन्यांपासून आमचे संपादक. चिरंजीव फक्त या वहीत. तोंडावर ‘सर’.)
"काका, कुठल्या पार्टीत कोणी काय घातलं ते लोक फोनवर बघतात हो. तुमचं पान वाचतं कोण?"
म्हटलं, वाचतात.
"एक नाव सांगा."
चार शास्त्रं घोकलेला माणूस, आणि एक नाव आठवेना!
हिवाळी मेजवानीपर्यंत मुदत. "काहीतरी धमाका आणा, नाहीतर त्या जागी राशिभविष्य." स्वतःची रास विचारून यायला हवी होती.

९ नोव्हेंबर
काल नव्या क्लबचं उद्घाटन. पिसारा आली होती — कारखानदाराची कन्या, अंगावर शंभरेक पक्ष्यांची पिसं. तिच्यामागून जाणारा वाढपी तीनदा शिंकला. तरी देखणी दिसत होती, खोटं कशाला बोला. पिसं लावून मोर होता येत नाही म्हणतात. ही जवळपास झाली होती.
पण चिरंजीव म्हणतात, यात धमाका कुठे आहे?

१४ नोव्हेंबर
धमाका सापडला. सापडायला नको होता.
कोटाचं अस्तर उसवलं म्हणून ताईच्या दुकानात गेलो. ताई कपडे दुरुस्त करते, मापात बसवते, उंची वाढवते-कमी करते. आतल्या टेबलावर एक काळा रेशमी झगा उलटा करून पसरलेला. शिवणींच्या कडेने जुन्या टाक्यांची भोकं, ओळीने. वाकून मोजल्या — सात ओळी. सात वेळा उसवलेला, सात वेळा नव्याने बेतलेला. आणि कमरेचा तो उतार! तो मी कुठेही ओळखेन. बाईसाहेब!
शहरात मेजवान्या अनेक होतात, पण बाईसाहेब आल्याशिवाय एकही सुरू होत नाही. सत्तरी ओलांडली आहे. दर हिवाळ्यात मी छापतो, ‘सर्वांत देखणा पोशाख : बाईसाहेबांचा’. सात वर्षं. सात ‘नवे’ पोशाख. दोनदा तर ‘सातासमुद्रापलीकडच्या कारागिराची बोटं’ असंही लिहून बसलो आहे. त्याच बोटांनी लहानपणी माझा कान पिळलेला!
"ताई, हा तर—"
"तू काही बघितलं नाहीस."
"पण त्यांना काय कमी आहे? शंभर शिवतील!"
"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, झगा चांगला आहे, बघणारे आळशी आहेत." तोंडात टाचण्या धरूनच बोलत होती. निळ्या डोक्याच्या, दुसऱ्या तिला चालत नाहीत, निळी डोकी काळ्यावरही चटकन दिसतात म्हणे. मग त्या काढून ठेवल्या. म्हणजे आता गंभीर. "हे बघ शहाण्या. कुणाच्या अंगाला काय बसतं आणि काय बसत नाही, हे माझ्या दाराबाहेर जात नाही. गेलं, तर दुकानाला कुलूप."

१५ नोव्हेंबर
झोप नाही. बघणारे आळशी! म्हणजे मी.

२१ नोव्हेंबर
लेख लिहिला. ‘सात हिवाळे, एक झगा.’ छान उतरला आहे, हीच पंचाईत. चिरंजीव नाचतील. पान वाचेल. बाईसाहेबांना शहर हसेल. ताई बोलणं टाकेल.
मग दुसरा लिहिला, नेहमीचा. ‘बाईसाहेब दालनात आल्या आणि आरशांनी मान खाली घातली.’ हे वाक्य हातातून आपोआप येतं.
दोन्ही दोन खिशांत. कोट बिचारा मध्ये.

२९ नोव्हेंबर
काल मेजवानी झाली. सकाळी उठून लिहितो आहे.
पिसारा यंदा पिसं सोडून चांदीत आली होती. बसता येईना, म्हणून संध्याकाळभर उभी. सगळं शहर चमकत होतं. मग बाईसाहेब आल्या. तोच झगा — बाह्या गेलेल्या, गळा उंच, एका खांद्यावरून पाठीकडे सोडलेली पट्टी. दागिना एकही नाही. वादकांनी न सांगता लय संथ केली. मला सातही ओळी ठाऊक, पोटातलं अस्तर ठाऊक, आणि तरी क्षणभर वाटलं, असलं काही मी याआधी पाहिलेलंच नाही! माया म्हणतात ती हीच. पाठशाळेत आचार्य तीन वर्षं शिकवत होते, तेव्हा कळली नव्हती.
सरळ माझ्याकडे आल्या.
"काय पंडित, यंदाचा कसा आहे?"
डाव्या खिशात झग्याचा लेख. तो कागद चुरचुरला, की मला तसं वाटलं.
"नवा आहे," मी म्हटलं.
"नजर तयार आहे हो तुमची." हसल्या. "उद्या वाचीन. तुमचं ते वाक्य वाचलं, की माझा हिवाळा सुरू होतो."
काल रात्रीच उजव्या खिशातला छापायला पाठवला. डावा फाडला. राशिभविष्याला जागा रिकामी. हरकत नाही. एका थोर स्त्रीची अब्रू माझ्या मुठीत होती आणि मी मूठ उघडली नाही! उठल्यापासून स्वतःकडे आदराने बघतो आहे.

३० नोव्हेंबर
अजब! चिरंजीव स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "पान चालू ठेवू या, काका. तुम्हाला एक वाचक आहे म्हणे." कोण, ते सांगेनात. कान मात्र लाल झाले होते.
ताईला फोन केला. नुसती हसली.

२ डिसेंबर
टपालाने जाड पाकीट. आत माझ्याच पानाची आठ कात्रणं, वर्षवार. प्रत्येकात एकेक ओळ अधोरेखित. ‘बाईसाहेब दालनात आल्या आणि दीपांनी मान खाली घातली.’ मग झुंबरांनी. मग फुलांनी. मेणबत्त्यांनी. खिडक्यांनी. पडद्यांनी. चांदण्यांनी. यंदा आरशांनी.
सोबत चिठ्ठी : ‘आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही. बाह्या बदलत राहा, पंडित. मूळ कापड चांगलं आहे.’
सगळं एकत्र टाचलेलं. टाचणीचं डोकं निळं.