विलासचं रक्त

घाटकोपर, १२ मार्च १९८६

दादास सप्रेम जयभीम,

माझा प्रफुल्ल गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाला तू म्हणालास, "रतन, मामाच्या घरी पोरगी देण्याची आपली रीतच आहे. वनमाला आमच्या विलासला दे. तुझं माहेर टिकेल." मी मान डोलावली. हे गेल्यापासून मला तेवढंच आहे.

पण प्रफुल्लचा आजार डॉक्टरांनी मला नंतर समजावला. रक्तातला तो दोष त्याला ह्यांच्याकडूनही आला आणि माझ्याकडूनही. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, म्हणून आपल्याला कधी कळलं नाही. दोघांकडून आला की लेकराचे सांधे ठणकत राहतात. वनमालाच्या रक्तात एकाकडचा निघाला. माझा आपल्या आईकडून नाहीतर बाबांकडूनच आला, म्हणजे तुझ्यात आणि विलासमध्येही असू शकतो.

दादा, आधी विलासचं रक्त तपासून घे. दोष निघाला तर हे लग्न नको. प्रफुल्लचं ओरडणं मी ऐकलंय.

तू रागावलास तर मला कोणी उरणार नाही.

वनमाला आतून विचारतेय, "आई, मामाला होकार लिहिलास ना गं? माझा जयभीम पण लिही." तिचा जयभीम लिहिते. पाकिटावर तिने हौसेने तिकीटसुद्धा लावून ठेवलंय. ते पाकीट मी अजून रिकामंच ठेवलं आहे, हे पत्र त्यात घालायचा धीर होत नाही.

तुझी बहीण,
रतन