रिबे गावाचा इतिहास : वीसपैकी चौदा

देवबाग,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कैनात,

सलाम. पार्सल मंगळवारी मिळालं. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे, विहिरीचं पाणी अजून गोडं आहे. तू विचारण्याआधीच सांगून टाकलं. फोनवर मी धड बोलत नाही म्हणून तू पत्र लिहिलंस, ते बरं केलंस.

शाल चांगली आहे, पण इथे शाल कोण पांघरतं? शेजारच्या काशीबाईला दाखवली. म्हणाली, "बाईनू, ह्या पांघरून भायर पडलात तर लोक म्हणतले, ताप इलो." कपाटात ठेवली आहे.

आता ती वही. 'रिबे गावाचा इतिहास व प्रेक्षणीय स्थळे. लेखक : एजाज इक्बाल, माजी विद्यार्थी, नववी ब.' सोळा पानं, दोन्ही बाजूंनी. अक्षर सुधारलेलं नाही. हँबुर्गजवळ पवनचक्क्यांच्या टोकावर चढून दुरुस्त्या करणाऱ्या माणसाला समास सोडता येऊ नये, याचं मला नवल वाटलं. तरी पूर्ण वाचली. लाल पेनाने तपासली आणि सोबत परत पाठवते आहे.

रिबे हे डेन्मार्कमधलं सर्वांत जुनं गाव, आठव्या शतकात व्यापाऱ्यांनी वसवलं, हे बरोबर. नदीतून जहाजं येत, पुढे पात्र गाळाने भरलं आणि व्यापार दुसऱ्या बंदराला गेला, हेही बरोबर. "मालवणासारखंच, बाई" हे त्याचं वाक्य मी खोडलं आहे. इतिहासात 'सारखंच' असं काही नसतं. कारणं वेगळी असतात, ती लिहावी लागतात.

मोठ्या पुराचं साल त्याने १६४३ लिहिलं आहे. ते १६३४. नववीतही हा मुलगा आकडे उलटेच लिहायचा. त्या पुराचं पाणी चर्चमध्ये शिरलं होतं. जुन्या धक्क्यावर लाकडी खांब आहे, त्यावर प्रत्येक मोठ्या पुराची उंची दाखवणारी कडी बसवली आहेत आणि १६३४चं कडं सगळ्यांत वर आहे, हे त्याने नीट लिहिलंय. खाली प्रश्न आहे : "बाई, आपल्या देवबागेत असा खांब पुरला, तर किती कडी लागतील?" गेल्या पावसाळ्यात समुद्राने आमचे मागचे तीन माड नेले. मी त्याखाली 'अवांतर' असं लिहिलं आणि पान उलटलं.

चर्चच्या मनोऱ्यावर तुम्ही चढलात, वरून सपाट कुरणं आणि पलीकडे समुद्र दिसला. छान. मग तुमचं लग्न लागलं ते जुनं नगरगृह, पाचशे वर्षांपूर्वीचं. छपरावर करकोच्यांचं घरटं. तू फोटो पाठवला आहेस. घरटं रिकामं, खाली तुम्ही दोघं, तुझ्या अंगावर मी ओळखत नाही असा निळा ड्रेस. त्याच इमारतीत जल्लादाची तलवार मांडून ठेवली आहे, हे तुझ्या नवऱ्याने गाळलं. मी ते दुसरीकडे वाचलं. शुभकार्याच्या इमारतीची माहिती देताना ती पूर्ण द्यावी.

साक्षीदार म्हणून नगरपालिकेने दोन बायका दिल्या, असं तू लिहिलंस. एक कार्यालयातली, एक बाहेर फुलांना पाणी घालत होती ती. त्यांची नावंही तुला आठवत नाहीत.

बाराव्या पानावरचं वाक्य मी तीनदा वाचलं. "परदेशी जोडप्यांची लग्नं टोनरलाही लावतात आणि एरो बेटावरही. ती गावं जास्त सुंदर आहेत म्हणतात. पण कैनातला मी म्हटलं, रिबेलाच जाऊ. तिथे इतिहास आहे, बाईंना आवडेल."

या वाक्याला गुण कसे द्यायचे?

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. नववीत हा सनावळ्या सांगताना अडखळला, तेव्हा मी भर वर्गात म्हटलं होतं, "इक्बालचा ना तू? मग रापणच ओढायची आहे तुला. जाळं ओढायला साल कशाला लागतं?" वर्ग हसला. तोही हसला. मी रागावले नव्हते. मला ते खरंच वाटत होतं. आणि गेल्या वर्षी तू त्याचं नाव घेतलंस, तेव्हाही मला तेच वाटलं : रापणकराच्या घरात माझी मुलगी.

जर्मनीत लग्न नोंदवायला तुझा अविवाहित असल्याचा दाखला हवा होता. तू मला तीन वेळा विचारलंस. मी सांगितलं, कचेरीत अडकलाय, साहेब रजेवर आहेत. उन्हाळा संपेपर्यंत तुम्ही थांबलात. शेवटी, जिथे एवढे कागद मागत नाहीत, तिथे गेलात.

कचेरीत कुणीही काही अडकवलं नव्हतं. दाखला मला आठवड्यात मिळाला होता. तो कपाटात होता. तुझी शाल आता त्याच कप्प्यात आहे.

अजून एक आहे. मे महिन्यात एजाजचा बाप इक्बाल पायरीवर बांगडे घेऊन आला. "बाई, पोरांचो कागद गावलो काय?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुमचो गुडघो दुखता. मी जातंय कचेरीत." मी नको म्हटलं, तरी गेला. संध्याकाळी परत आला. आत आला नाही, खालीच उभा राहिला. "होतलो, बाई. वेळ लागता. सायेब रजेर आसा."

साहेब रजेवर आहेत, हे तुला मी सांगितलं ते तिथून उचललेलं. महिन्याभराने तिथला कारकून बाजारात भेटला. म्हणाला, "इक्बालभाईंना मी तेव्हाच सांगितलं, दाखला मॅडम घेऊन गेल्या म्हणून. मिळाला ना त्यांना?"

म्हणजे इक्बालला माहीत होतं. त्याने मला तोंड लपवायला जागा दिली, आणि मी ती वापरली. मुलाला मात्र त्याने सांगितलं असणार, कागदाची वाट बघू नका. आजही तो पायरीवर मासळी ठेवून जातो. मी हाक मारली तर म्हणतो, "घाईत आसंय, बाई."

दाखला सोबत जोडला आहे. त्यावरची तारीख वाच. आता तो कशाच्याच उपयोगाचा नाही.

वहीला वीसपैकी चौदा दिले आहेत. सालाचे दोन कापले, तलवारीचे दोन, समासाचा एक. उरलेला एक का कापला, ते मला सांगता येत नाही. सवय असावी.

तू विचारलंस, ईदनंतर याल तेव्हा निकाह आपल्या घरी होईल का, हो की नाही एवढंच लिही. माझं उत्तर हो. पण हे वाचल्यावर तुम्हाला निकाह या घरात हवा आहे का, हे आता तुम्ही ठरवायचं. हे पत्र एजाजला दे. त्याने पूर्ण वाचल्याशिवाय मला उत्तर लिहू नकोस. इक्बालला विचारू नका, तो हो म्हणेल.

लाल पेन घरात नसेल, तर विकत घ्या.

तपासणीसाठी सादर,
नूरबानो
(तुझी अम्मी)