तुला परत पाठवणारी घरं

आई, गेल्या आठवड्यात मी गाडी घेऊन एकटीच पुणे, सातारा आणि कोल्हापूर करून आले. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे मला गाडी चालवता येते हेही तुला ठाऊक नाही. चाळिशी उलटल्यावर शिकले. नेरूळच्या मोकळ्या रस्त्यांवर पहाटे पहाटे शिकवणारा माणूस म्हणायचा, मॅडम, क्लच सोडा, जीव सोडू नका. कंपनीत सुट्ट्या साठल्या होत्या, मुलगा बंगळुरूला, नवरा त्याच्या कामात. म्हटलं, तुझ्या बाजूची माणसं आता पिकली आहेत, एकदा सगळ्यांना भेटून यावं. फोन केले तर सगळे म्हणाले, ये ये, राहायलाच ये. नवरा म्हणाला, एकटी कशाला टेन्शन घेतेस, दिवाळीत जाऊ दोघं. पण मला एकटीलाच जायचं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. गाणी लावून, पाण्याच्या बाटल्या भरून, एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारखी हरखून मी निघाले.

आधी पुण्याला मामाकडे. तुझा हा मोठा भाऊ आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. बाराव्या मजल्यावर राहतो. घरात शिरल्याबरोबर नाकात तो सुगंधी फवारा बसतो, गुलाबाचा आणि औषधाचा मिसळलेला, तो माझ्या ओढणीला दोन दिवस राहिला. मामी गेल्यापासून सून त्याला सगळं हातात देते. जेवताना श्रीखंड बोटानं चाटत, माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तू अगदी आईवर गेलीस. तीपण अशीच आली होती एकदा. एकटी. न कळवता."

मी विचारलं, "कधी?"

"अगं, तू पाचवीत-सहावीत असशील. पिशवी घेऊन दारात उभी. म्हणे, आता मी तिकडे जाणार नाही." तो हसला. "आधी जेवायला घातलं. मग बूथवरून तुझ्या बापाच्या हापिसात फोन लावला. म्हटलं, पाहुणे, काळजी करू नका, इथं आहे, पाठवून देतो. तिला एक चांगली साडी घेतली, तुझ्या मामीच्या पसंतीची. आणि मी स्वतः, बरं का, स्वतः जाऊन एस्टीत खिडकीची जागा धरून दिली. नाहीतर काय झालं असतं तुमचं? संसार वाचवला मी तुझ्या आईचा."

हे सांगताना त्याच्या हनुवटीला श्रीखंड लागलेलं होतं. सून म्हणाली, बाबांचं पहिल्यापासून असंच, सगळ्यांचं करायचं. मी मान डोलावली. आई, मी मान डोलावली.

ते दिवस मला आठवतात. आपण जुईनगरच्या बैठ्या घरात होतो. मी शाळेतून येते तर कुलूप. शेजारची काकू, तिथल्या मूळ आगरी गावातलीच, मला तिच्या ओट्यावर बसवते आणि म्हणते, "रडू नको गो बाय, तुजी आय देवाला गेली हाय. येल दोन दिसांनी." देवाला म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. आठ दिवस मी तिच्याकडे भात आणि सुकटीचं कालवण जेवले. तू आलीस तेव्हा प्रसाद आणला नव्हतास. एवढंच मला खटकलं होतं.

पप्पा कसे होते ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते 'तापट' होते. आपल्या घरात हाच शब्द होता. ते ओरडायला लागले की मी रेडिओ मोठा करायचे, आणि सकाळी तू नेहमीसारखी डबा भरून देत असलेली दिसायचीस. मधल्या रात्री काय घडायचं हे न बघण्याची मला सवय झाली होती. मोठी झाल्यावरही मी ते उकरलं नाही. पप्पाही गेले, सगळं संपलं, असं धरून मी चालत होते.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात एका ट्रकच्या मागे मी पाऊण तास अडकले होते, आणि त्या पाऊण तासात मी मामाच्या बाजूनं विचार करत बसले, हे मला आता चीड आणतं. त्या काळी असंच असायचं. त्याची स्वतःची दोन पोरं, दोन खोल्या. परत पाठवलं, पण साडी तरी दिली. मामानं पुण्याहून घरी पाठवलेली तू, मध्येच उतरून साताऱ्याची गाडी पकडलीस, हे मला घाट चढताना ठाऊक नव्हतं.

ते मावशीनं सांगितलं. मावशी आता वाकली आहे, पण बोलणं तसंच. कंदी पेढे पुढ्यात, देव्हारा फुलांनी भरलेला. मी मुद्दामच विचारलं, "आई एकदा तुझ्याकडे आली होती ना, मी लहान असताना?" मला वाटलं ती नाही म्हणेल. तिनं उलट माझा हात धरला आणि डोळे मिटून म्हणाली, "आली होती बाई. कानातून रक्त येत होतं. नुसतं पुसत होती पदरानं. मी म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, पुण्यात दादाला दाखवलं नाही, डोक्यावरून पदर घेतला होता. मी तेल कोमट करून घातलं कानात. हळद लावली गालाला. तीन दिवस अंथरुणातून उठू दिलं नाही तिला. आईनं केलं नसतं एवढं केलं."

"मग?"

"मग काय. तुझे काका म्हणाले, लग्न झालेली बहीण किती दिवस ठेवायची. मीच तिला समजावलं. म्हटलं, पुरुषाचा राग तो, पावसासारखा. येतो, जातो. बाईनं आडोशाला उभं राहावं. फार सोशिक गं तुझी आई. सोन्यासारखी. ओटी भरून पाठवली मी तिला."

ओटी. कानातून रक्त येणाऱ्या बाईची ओटी भरली त्यांनी. खण, नारळ, तांदूळ. मी उठून मागच्या मोरीत गेले, नळ सोडला आणि उभी राहिले. मावशी बाहेरून विचारत होती, प्रवासाचं बाधलं का गं, आलं देऊ का.

तुझा डावा कान आई. मला सांगितलं होतं की तापात गेला. तू रबाळ्याच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला जायचीस तिथेही मशीनच्या आवाजात तू उजवी बाजू पुढे करून उभी राहायचीस, मी एकदा डबा द्यायला आले होते तेव्हा पाहिलं होतं. निळी टोपी, हातमोजे, आणि सुपरवायझर काहीतरी सांगतोय तर तू मान वळवून उजवा कान देतेस. आणि घरी मी कॉलेजात असताना तुझ्यावर किती खेकसायचे. एकदा माझी मैत्रीण आली होती, तू तिला तिसऱ्यांदा नाव विचारलंस, तर मी तिच्यासमोर म्हटलं, "बहिरी आहेस का गं?" तू म्हणालीस, "हो की. एका बाजूनं." आणि आमच्यासाठी पोहे करायला गेलीस. मैत्रीण हसली. मीही.

साताऱ्याहून परत फिरावं असं वाटत होतं. पण कोल्हापूरच्या काकू फोनवर म्हणाल्या होत्या, "यायलाच पायजे तू." या काकू म्हणजे तुझ्या शेजारच्या टेबलावर पॅकिंग करणारी तुझी मैत्रीण. नवऱ्याच्या नोकरीसाठी त्या कोल्हापूरला गेल्या आणि तू दर संक्रांतीला त्यांना पोस्टकार्ड लिहायचीस. मग एकदम थांबलीस. मी गाडी चालवत होते आणि मनाशी घोकत होते की निदान ही तरी बरी निघू दे. सख्खी नाही, नात्याची नाही, कदाचित म्हणूनच हिनं तुला दोन दिवस नीट झोपू दिलं असेल.

काकूंनी दार उघडल्यावर मला विचारूच दिलं नाही. चहाही ठेवला नव्हता अजून. म्हणाल्या, "तीस-पस्तीस वर्षं झाली, मी तुझी वाट बघायला लागलेय. तुझ्या आईची म्हणाय पायजे, पण ती आता कुठली येती." आणि रडायला लागल्या. मी उभीच.

त्यांनी सांगितलं ते असं. तू साताऱ्याहून घरी गेली नाहीस. त्यांच्याकडे आलीस, हातात ओटीचा नारळ तसाच. दोन दिवस राहिलीस. त्यांच्या ओळखीच्या एका शिवणकामाच्या कारखान्यात तुला काम मिळत होतं, तू जाऊन बघूनही आलीस. मग तू त्यांना म्हणालीस, "मी जाते आणि पोरीला घेऊन येते. तोवर एक खोली बघून ठेव, कसलीही चालेल." त्यांनी हो म्हटलं. त्यांनीच तुला गाडीत बसवलं.

"आणि मी बघितली न्हाई खोली," काकू म्हणाल्या. "शेजारणी इचारत होत्या, कोण ती, नवऱ्यानं टाकली काय. आमचे हे म्हणाले, उद्या तिचा नवरा इथं येऊन दंगा करंल. मी भ्याले बाळ. तिनं पत्र टाकलं, खोली मिळाली का. मी उत्तरच दिलं न्हाई. दुसरं पत्र आलं. त्येलाबी न्हाई. मग तिनं लिहायचं सोडलं. माझं चुकलं. पाप झालं माझ्या हातनं."

तुला वाटेल, माफी मागणारी ही एकटीच, तर मला तिच्याबद्दल माया वाटली असेल. नाही वाटली. मामाला तोंड पुसता येत नाही आणि मावशीला देव सुटत नाहीत, त्यांचा तिटकारा करणं सोपं होतं. पण ही बाई पदरात तोंड घालून माझ्यासमोर रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवावा अशी वाट बघत होती. तीस वर्षं जपून ठेवलेलं रडं, आणि ते माझ्याकडे सोपवायचं. मला त्यांच्या ओल्या हातांची शिसारी आली. तरी मी हात फिरवला. तू शिकवलंयस ना तसं. मग मी जेवले, तांबडा रस्सा दोनदा घेतला, आणि निघताना त्यांच्या पाया पडले. साताऱ्याचे पेढे मी टाकूनही दिले नव्हते. मामाच्या सुनेनं दिलेला चिवडा गाडीत मागच्या सीटवर होता. पनवेलजवळ भूक लागली तेव्हा मी तो खाल्ला. चांगला होता.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कशी झाली ट्रिप. मी म्हटलं, मस्त, सगळ्यांनी खूप केलं. परवा मामाचा फोन आला की मावशीला घेऊन तो आमच्याकडे चार दिवस येईन म्हणतोय, समुद्राकडची हवा बरी. मी अजून नाही म्हटलेलं नाही. म्हणणार आहे. हे लिहून झालं की म्हणणार आहे, आणि का ते सांगूनच म्हणणार आहे, त्याच्या सुनेलाही फोनवर घेऊन. पण त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती मला त्यांच्यापैकी कुणालाही सांगता आली नाही.

कोल्हापूरच्या काकूंनी मी निघताना विचारलं होतं, "मग तिनं तुला इचारलं का कधी, कोल्हापूरला येतीस का म्हणून?" मी म्हटलं, नाही. कधीच नाही विचारलं.

विचारलं होतंस. तू परत आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी. पप्पा कामाला गेलेले. तू स्टोव्हपाशी बसून मेथी निवडतेस, मी समोर दप्तर भरतेय. तू माझ्याकडे न बघता म्हणतेस, "कोल्हापूरला शाळेत जाशील का? आपण दोघीच राहू." त्या आठ दिवसांत पप्पांनी मला सायकल आणली होती. लाल, पुढे टोपली असलेली, आपल्या ओळीत कुणाकडेच नव्हती तशी. बाहेर भिंतीला टेकवलेली ती मला दारातून दिसत होती. मी तुला विचारलं, "सायकल नेता येईल?" तू म्हणालीस, "सायकल नाही नेता यायची." मी म्हटलं, "मग मी नाही येत."

तू पुन्हा विचारलं नाहीस. काकूंना दोन पत्रं मात्र त्यानंतरही टाकलीस, म्हणजे माझं ऐकूनही तू थोडे दिवस थांबली होतीस, मी कदाचित मन बदलेन म्हणून. हे पत्र मी कुणालाही दाखवणार नाही, वहीतून फाडणारही नाही. मी ती सायकल दहावीपर्यंत चालवली, आई. मला ती फार आवडायची.