पुढच्या खोलीतला हेड

३ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहिणार. कामाचंच.

विषय पक्का झाला : हेड या इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ. डोक्याला इंग्रजीत हेड म्हणतात हे कोणीही सांगेल. पण पाण्याच्या मोटारीच्या पाटीवर ‘हेड’ लिहिलेलं असतं ते वेगळं. पंप पाणी किती उंच चढवेल ते. जामनेरचा तोताराम माझ्या दुकानातून जळालेल्या मोटारींत नवी तार भरून नेतो, त्याला सहज विचारलं. म्हणाला, ते कंपनीवाल्यांचं असतं भाऊ, तुम्ही तार भरा. यावरून या कामाची गरज लक्षात येते.

नववीत शाळा सुटली. इंग्रजी स्वतः शिकलो, डिक्शनरीच्या पहिल्या पानापासून. एचपर्यंत आलो आहे. जळगावात दुसरा कोणी आला असेल असं वाटत नाही.

९ नोव्हेंबर
एक अर्थ, एक चिठ्ठी. डब्यात ठेवल्या की क्रम बिघडतो, म्हणून पुढच्या खोलीत दोऱ्या बांधल्या. पहिली दोरी शरीर. दुसरी माणसं : हेडमास्तर, हेड कॉन्स्टेबल. तिसरीवर वस्तू : खिळ्याचं डोकं, कोबीचा गड्डा, नदीचा उगम. इंग्रजीत ढोरंही हेडवर मोजतात, शंभर हेड म्हणजे शंभर ढोरं; ती कुठे लावायची, हा प्रश्न आहे.

कपड्यांचे चिमटे कुठे गेले, असं बायको, ज्योती, विचारत होती. म्हटलं, चिठ्ठ्यांना लागले आहेत.

१७ नोव्हेंबर, सकाळी ७
ज्योती म्हणाली, दिपमालाला आठवा संपत आला, पहिलं बाळंतपण माहेरी, दहा डिसेंबरला पोरीला धुळ्याहून आणायचं. पुढची खोली रिकामी करा, तिला जिना चढायला लावू नका. मी म्हटलं, शब्द पूर्ण होईपर्यंत दोऱ्या हलणार नाहीत.

मग काय पोटुशी पोर दोऱ्यांखालून वाकत जाईल, म्हणाली. मी टेप आणून मोजून दाखवलं. दोरी पाच फूट दोन इंचावर, दिपमाला पाच फूट एक. एक इंच उरतो.

ती पोळ्या करायला आत गेली. पटलं असावं.

२६ नोव्हेंबर
शेजारची शेवंताअक्का डोकावली. म्हणे, भाऊ, आंडेर बाळंतपणले कव्हय ई रायनी? मी म्हटलं, लेक दहा तारखेला येणार, माहेरी नाही तर जाईल कुठे? म्हणे, आनि ह्या चिंध्या कव्हय काढशात?

चिंध्या नाहीत, अर्थ आहेत, असं तिला स्वच्छ सांगितलं.

४ डिसेंबर
दिपमालाचा फोन. पप्पा, खोली मोकळी झाली का? म्हटलं, आधी हे ऐक, बियरवरच्या फेसालाही हेड म्हणतात. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, आईकडे द्या.

मुलीला विषयात गोडी आहे.

९ डिसेंबर, दुपारी
व्याही शालिग्रामरावांचा फोन आला. भाऊ, तुमचं चालू द्या, पोरीचं आम्ही इकडेच बघतो. समजूतदार माणूस.

ज्योती दोन वाजताच्या धुळे गाडीने गेली. मेथीचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, जुनी मऊ लुगडी आणि मिक्सर घेऊन. एवढं सामान थोड्या दिवसांसाठी कशाला, असं विचारलं. म्हणाली, थोड्या दिवसांसाठी कोणी सांगितलं?

चिडली की असंच बोलते. मला आता शांतता मिळेल. कामाला वेग येईल.

१५ डिसेंबर
खिचडी. आज एकच चिठ्ठी झाली. शांततेची सवय व्हायला वेळ लागतो.

१९ डिसेंबर
खिचडी. धुळ्याला तीनदा फोन लावला. एकदा ज्योतीने उचलला, म्हणाली, पोरीचे पाय सुजलेत, शेकते आहे, काय काम आहे? काम काही नव्हतं. मीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारलं. मीठ समोरच होतं.

२४ डिसेंबर
शब्द पूर्ण.

चार दोऱ्या, एकही जागा रिकामी नाही. ढोरं शेवटी चौथ्या दोरीवर, मोजमापात घातली, पंपाच्या हेडशेजारी. कोणाला तरी दाखवावं म्हणून तोतारामला मोटार घ्यायला दुकानाऐवजी घरी बोलावलं. त्याने चपला दारातच ठेवल्या, वर बघितलं. भाऊ, घरात लग्न आहे का, पताका लावल्यात? मी चौथ्या दोरीपासून समजवायला लागलो. तो म्हणाला, गव्हाला पाणी द्यायचं राहिलंय.

मोटार तोच उचलून घेऊन गेला. नेहमी मी रिक्षापर्यंत हात लावतो.

२८ डिसेंबर
मुलगी झाली. पहाटे. शेवंताअक्काने सांगितलं, तिला ज्योतीचा फोन आला होता. माझा फोन चार्जिंगला असेल. नव्हता, पण असेल असं तिला सांगितलं.

दोऱ्या सोडल्या. चिठ्ठ्या पिठाच्या पिशवीत कोंबल्या, क्रम बघितला नाही. खोली दोनदा पुसली, खिडकीची फट कापडाने बंद केली. माळ्यावरची बाज खाली काढून उन्हात टाकली. बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्याकडेच व्हायला हवा, तसा रिवाज आहे. ज्योतीला कळवलं. म्हणाली, विचारते.

८ जानेवारी
बारशाला धुळ्याला गेलो. पोरगी झोपेत तोंड वाकडं करते. नाव भूमिका ठेवलं. मला आधी कोणी विचारलं नाही, पण नाव बरं आहे.

दिपमालाला म्हटलं, चल आता, खोली तयार आहे, एकही दोरी नाही. ती बाळाचं टोपडं नीट करत राहिली. म्हणाली, पप्पा, इथे सगळं बसलंय आता. खालून कुणीतरी जेवायला हाक मारली.

ज्योती म्हणाली, मी होळीनंतर बघते. मी मिक्सर परत मागितला नाही.

१२ जानेवारी, रविवार
शेवंताअक्का आली. म्हणे, भाऊ, पुढली खोली रिकामी शे तर भाड्यानी देवानी शे का? मना भाचा धुंडी रायना.

मी म्हटलं, नाही, मुलगी येणार आहे.

कव्हय, म्हणे.

तारीख ठरायची आहे, असं सांगितलं. ती अजून काहीतरी विचारणार होती. मी उन्हातली बाज आत घेतली.