बाभळीवरचा लाल दोरा

१६ ऑगस्ट
सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर गवत कमरेएवढे, सगळे तुऱ्यावर आलेले. ठिपकेवाल्या मनोल्या तुऱ्याला लटकतात, बिया ओरपतात, गळा भरून बाभळीतल्या घरट्यात. आत पिले आहेत, चिरचिर ऐकू येते.
सौ. म्हणाली, "गणपतीला कोवळ्या दूर्वा लागतात. परवा सगळं कापून घेतोय, म्हणजे नवं फुटेल." मंडळाची दूर्वाप्रमुख तीच. अपिलाची सोय नाही.

१७ ऑगस्ट
सोसायटीचे सेक्रेटरी शर्माजी यांना विनंती. "पंडितजी, चिड़िया तो उड़ जाएगी।" पिलांना अजून पंख नाहीत, हे सांगेपर्यंत लिफ्ट वर गेली.
संध्या. बाभळीला लाल दोरा बांधला, बुंध्याशी शेंदूर फासलेला गोटा, वर एक श्लोक. दिल्लीत एवढ्यावर गवत कापायचे मशीन थांबते. इतकी वर्षे संस्कृत घोकले, त्याचा हा पहिला व्यवहारी उपयोग.

१८ ऑगस्ट
मशीनवाल्याने दोरा पाहिला, हात जोडले, बाभळीभोवती गवताचा मोठा गोल सोडला. बाकी सपाट. विजय. सौ.ला बोललो नाही.

१९ ऑगस्ट
विजय जरा जास्तच झाला. सकाळपासून बाभळीखाली बायका, घंटा, उदबत्त्या. धूर सरळ घरट्यात. मनोल्या विजेच्या तारेवर, खाली उतरेनात. पिले ओरडतायत.
दोरा सोडायला गेलो. "अरे पंडितजी, पाप लगेगा।" मीच बांधला, हे जिभेवर आले होते. हात जोडून परतलो.

२० ऑगस्ट, सकाळ
पिलांचा आवाज बारीक झालाय. सौ.ला सगळे सांगितले.
"म्हणजे देव तुम्ही बसवलात, आणि आता उठवता येईना."
चपला घालून गेली, मागे मी. बायकांना म्हणाली, "दीदी, चौमासा है। भगवान सो रहे हैं। न घंटी, न धुआँ, दूर से हाथ जोड़ो।"
मी हळूच म्हटले, शास्त्राप्रमाणे पाहिले तर...
"शास्त्र घरी."
बायका कुजबुजत मागे सरल्या. काही दिवसांनी याच प्लॉटशेजारी आपण ढोल बडवणार आहोत, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

संध्या.
धूर विरला. एक मनोली तारेवरून कुंपणावर, तिथून तुऱ्यावर. भराभर खाल्ले. बाभळीकडे वळली आणि कुणीतरी फाटक आपटले. पुन्हा तारेवर.
सौ. शेजारी उभी, हातात दूर्वांची रिकामी पिशवी.
घरट्यातून आवाज येत नाही.
"झोपली असतील," सौ. म्हणाली. सकाळी भगवान झोपलेत म्हणाली, त्याच आवाजात.
मनोली अजून तारेवर. उजेड आहे तोवर थांबतोय.