पाठ असलेला कोट

मी, भिकन वल्द गोकुळ, जात धनगर, धंदा शिवणकाम, वय अदमासे बावीस, राहणार छावणी बाजार, औरंगाबाद, माझ्यामागे काय कुणाला जावे हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. पोटात डाव्या अंगाला गाठ आहे आणि येत्या सोमवारी ती दवाखान्यात कापणार आहेत. डॉक्टरांनी वारसाचे नाव विचारले, ते मी वडिलांचे सांगितले. "कुठे असतात?" असे त्यांनी विचारले. ते मला ठाऊक नाही. म्हणून हा कागद.

हे लिहिण्यास मला कुणी भाग पाडलेले नाही. भाग पाडायलाही माणूस जवळ लागतो. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली. जिथे शब्द चुकला तिथे रेघ मारून शेजारी सही केली आहे, मागाहून कुणी हात घातला असे वाटू नये.

पहिले कलम. दुकानाची खोली भाड्याची आहे. माझे स्वतःचे म्हणजे हाताने फिरवायची शिवणाची मशीन, मोठी कात्री, इस्त्री, एक नवा कोट, एक जुना कोट आणि एक तसबीर. भिंतीच्या खुंटीवर जी काळी घोंगडी आहे ती माझी नाही. ती वडिलांची आहे, माझ्याकडे राहिली आहे. दुकान आवरताना तिची गल्लत करू नये.

दुसरे कलम. मशीन माझी बहीण सुगंधा हिला द्यावी. माझा डावा पाय लहानपणी तापात वाळला. ज्याला चालता येत नाही असा पोरगा धनगराच्या कळपाला भार होतो, म्हणून वडिलांनी मला पलटणीचे शिंपी रामप्रसाद मास्तर यांच्या दुकानी बसवले. त्या दिवशी मला राग आला होता. आता नाही. पायाची मशीन मला चालेना, तेव्हा मास्तरांनी ही हाताची शोधून आणवली आणि मरताना माझ्या नावावर करून दिली. तिच्यावर कुणाचा हक्क नाही.

सुगंधाने मूठ स्वतःकडे ओढून फिरवू नये, समोर ढकलत फिरवावी, नाहीतर दोरा गुंततो. तिने लोकर कातलेली आहे, तिचा हात बसेल. मेंढरे उरली नसतील तर तिला पोटापुरते काम होईल. ती येईपर्यंत मशीन शेजारच्या मनकर्णाबाईंच्या खोलीत झाकून ठेवावी. सुगंधा न आल्यास मशीन कुणाची, हे मी लिहिलेले नाही. लिहिले तर ती येणार नाही असे मीच मानल्यासारखे होईल.

दरसाल दिवाळीनंतर आमचा कळप गंगापुराकडे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी उतरतो आणि पावसाच्या तोंडाला दौलताबादेकडे परततो. जाताना आणि येताना गुरुवारच्या बाजाराला माझी माणसे छावणीत थांबतात. यंदा ज्येष्ठ सरत आला तरी कळप आला नाही. गंगेच्या पात्रात नुसती वाळू आहे, असे तिकडून येणारे सांगतात. इकडे आगगाडी आल्यापासून स्टेशनाच्या बाजूला घरांवर घरे उठत आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली उपाशी माणसे रस्त्याच्या कडेला बसलेली असतात आणि त्यांच्यासमोरून लोक नवे कपडे घेऊन तसबीर काढायला जातात. मी खिडकीत बसून शिवतो. येणाऱ्या प्रत्येक धनगराला विचारतो.

तिसरे कलम. समोरचे फोटोवाले तात्यासाहेब यांना मी काही देत नाही. कारण लिहितो.

ज्यांना कोट परवडत नाही त्यांच्यासाठी तात्यासाहेब दुकानात एक कोट ठेवतात. तो मीच शिवलेला. त्याला पुढची बाजू आहे, बाह्या आहेत, गुंड्या आहेत, पाठ नाही. मागे नाड्या बांधायच्या, म्हणजे जाड असो की बारीक, कुणालाही बसतो. तसबिरीत पाठ येत नाही, तर कापड कशाला घालवायचे, असा त्यांचा विचार. माझाही तोच होता.

गेल्या दिवाळीनंतर वडील आणि सुगंधा आले. त्या साली पावसाने दगा दिला होता. मी हट्टाने त्यांना समोर नेले. त्यांनी घोंगडी खुंटीला लावली, मी तो कोट चढवून मागे नाड्या बांधल्या. त्यांनी गुंड्यांवरून हात फिरवला.

"ह्यो तू शिवला व्हय?"

"व्हय, आबा."

आमच्यात घोंगडी विकताना गिऱ्हाइकाला ती पाठीवर टाकून दाखवतात. पाठ बघूनच माल ठरतो. तात्यासाहेबांनी "हलू नका" म्हणून यंत्राचे झाकण काढले, त्याच क्षणी वडील दारात उभ्या असलेल्या सुगंधाला म्हणाले, "बघ गं, पोरानं कसा शिवलाय," आणि दाखवायला फिरले.

बाकावर बसलेले लोक हसले. एकजण म्हणाला, "पुढनं साहेब, मागनं धनगर."

वडिलांनी हात मागे नेला. बोटांना नाड्या लागल्या.

"मेंढराची लोकर पाठीवरच असती, भिकन," ते हळू म्हणाले. "आन् तू पाठच सोडलीस?"

"तसबिरीत पाठ येत नाय, आबा."

"मंग काय येतं?"

त्यांनी कोट ओढून काढला, दोन गुंड्या तुटल्या. तात्यासाहेब म्हणाले, "आमची काच वाया गेली, त्याचं काय?" वडील तोवर रस्त्यावर होते. सुगंधाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती त्यांच्यामागे धावली. घोंगडी खुंटीलाच राहिली. मी ती घेऊन निघालो, पण माझ्या पायाने त्यांना गाठणे झाले नाही.

तसबीर जिच्यावर उतरते ती वाया गेलेली काच मी मागून घेतली आणि तिच्यावरून कागदावर तसबीर छापून घेतली. डोके पुसट आले आहे. पाठ मात्र स्वच्छ आहे, नाड्यांच्या गाठीसुद्धा दिसतात. माझ्याजवळ वडिलांची तेवढीच तसबीर आहे. ती सुगंधाला द्यावी. वडिलांना दाखवू नये.

चौथे कलम रद्द. मोठी कात्री मनकर्णाबाईंना, असे त्यात लिहिले होते. त्या शेजारी भाकरी विकतात आणि मी दुकानातून उठलो नाही तर दारावर थाप मारतात. पण कचेरीपुढे लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाने सांगितले की दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष धरत नाहीत. मी सगळी ओळखीची माणसे आठवून पाहिली. ज्याला काही द्यावेसे वाटत नाही असा एक सापडला, तात्यासाहेब. त्यांना विचारले.

"म्हणजे मला काहीच ठेवलेलं नाही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "सही कुठं करू?"

दुसरा माणूस मिळेना. मनकर्णाबाई तव्यावरून मान न उचलता म्हणाल्या, "कात्री खोड ती. मला काय कापायचंय? अंगठा घे माझा."

"काकू, मग तुम्हाला काहीच राहत नाही."

"सोमवारी पोट शिवून घेऊन ये, म्हंजे झालं. आन् रोज भाकरी खाताना नाय लाजलास, आता का लाजतूस?"

म्हणून कात्रीही इस्त्रीसह मशीनबरोबर जावी.

पाचवे कलम. मी मेलो तर मला तो जुना, पाठ नसलेला कोट घालावा. वडिलांनी टाकला तोच आहे, तात्यासाहेबांना मी दुसरा करून दिला. गुंड्या पुन्हा लावल्या आहेत. निजलेल्या माणसाची पाठ कुणी पाहत नाही. घोंगडी माझ्यावर घालू नये. तिला कात्री लावून अस्तर करावे असे काहीजणांनी सुचवले होते. लावू नये. तिचा मालक उन्हापावसात उघडा फिरत असेल. तिरडी कोण धरील हे मला ठरवता येत नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

सहावे कलम. हेच मुख्य आहे. नवा कोट वडिलांचा आहे. त्याचे कापड मी शहागंजात जाऊन घेतले. दुकानदाराने तीन तागे उलगडले आणि विचारले, "नाप किसका है?" मी तसबीर पुढे केली. त्याने ती उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"चेहरा किधर है? मियाँ, वालिद को साथ लाओ. तसवीर कपड़ा नहीं पहनती."

वडिलांना आणणे शक्य नव्हते. पण तसबिरीत त्यांच्या शेजारी खुर्ची आहे, आणि ती खुर्ची तात्यासाहेबांकडे अजून आहे. मी फितीने ती मोजली, मग तसबिरीतली मोजली, आणि त्या हिशोबाने वडिलांचे खांदे काढले. यंदाच्या उपासाने खांदे उतरले असतील. म्हणून दोन्ही बाजूंच्या शिवणीत कापड दडवून ठेवले आहे. लागेल तसे आत घेता येईल, पुढे बरे दिवस आले तर सोडता येईल. पाठ अखंड एका तुकड्याची आहे, मध्ये जोड नाही. एवढे कापड लागत नाही असे कुणीही शिंपी सांगेल. लागते.

हा कोट दुकानाच्या दाराबाहेरच्या खुंटीला टांगावा. पुढची बाजू भिंतीकडे आणि पाठ रस्त्याकडे, म्हणजे बाजाराला आलेल्या माणसाला लांबूनही आधी पाठच दिसेल. शेजारी घोंगडी टांगावी. ती वडील ओळखतीलच. काही सांगायची, समजवायची गरज नाही. दर गुरुवारी टांगावा आणि दिवस मावळल्यावर आत घ्यावा. हे काम मनकर्णाबाईंनी पत्करले आहे. कळपाची बातमी वाईट आली तरी, ती आणणाऱ्याने स्वतः डोळ्यांनी पाहिले असल्याखेरीज, कोट उतरवू नये.

सोमवारनंतर मी परत आलो तर हा कागद फाडून टाकावा. कोट मात्र टांगावा.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला.

भिकन वल्द गोकुळ, सही दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. तात्यासाहेब, फोटोवाले, छावणी बाजार. सही. यांना काही मिळत नाही.
२. मनकर्णाबाई, भाकरीवाल्या, छावणी बाजार. डाव्या हाताचा अंगठा. यांनी काही घेतले नाही.

मुक्काम छावणी, औरंगाबाद.
मिती ज्येष्ठ वद्य दशमी, शके १८२२.